कोष्टकाचं पान वरून वाचल्याबद्दल

मी, थोगर ब्रिंक, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त कप्तान, राहणार नॉर्डबी, फानो बेट, हे पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवतो. "अक्कल तुला कधी नव्हतीच," असं माझी बहीण आने म्हणते. तरी घर, गाय आणि बँकेतली शिल्लक तिलाच.

माझी शिडी शेजारच्या मिक्केलला मिळू नये. तीनदा नेली, तिन्ही वेळा मीच जाऊन आणली.

आता खरं ते लिहितो. १८७४ च्या मार्चात इंग्लंडहून कोळसा घेऊन येत होतो. जेस कॅलेसन माझा मेट, म्हणजे जहाजावर माझ्या खालोखालचा अधिकारी. दोन दिवस दाट धुकं. अशा वेळी दिशा आणि कापलेले मैल घेऊन कोष्टकात पाहायचं, उत्तरेला किती सरकलो, पूर्वेला किती. पंचेचाळीस अंशांपर्यंतची दिशा पानाच्या वरून वाचतात, पुढची खालून, कारण खाली उत्तर आणि पूर्व यांचे मथळे अदलाबदल केलेले असतात. आमची दिशा अठ्ठावन्न अंश. मी वरूनच वाचली. पूर्वेचे शहात्तर मैल उत्तरेचे धरले आणि किनारा लांब आहे असं समजलो.

जेस दोन रात्री जागा होता. त्याने मांडलेल्या हिशेबाचा कागद माझ्या हाती देऊन झोपायला गेला. त्याचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळेनात. चूक त्याचीच धरून मी कागद शेगडीत टाकला आणि माझ्या आकड्यांवर जहाज पुढे नेलं. जहाज वाळूवर चढलं. आचारी पीटर बुडाला.

चौकशीत मी सांगितलं, "मेटचेच आकडे उतरवले." जेस म्हणाला, "असेल साहेब, मला आठवत नाही." त्याचा परवाना गेला. तेव्हापासून तो होडीने माणसांची ने-आण करतो. दर नाताळात मला विचारतो, "कप्तान, तो हिशेब आता मांडला की बरोबर येतो हो. मग तेव्हा कसं चुकलं?" मी त्याला कॉफी ओततो. माझ्यासारखा भेकड मीच.

हे कलम पाद्रीबाबांनी दफनाआधी चर्चमध्ये मोठ्याने वाचावं. कुणाची भीड धरू नये.

जेसला साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावलं आहे. मी जिवंत असताना त्याने वाचायला हवं.

पुरवणी, त्याच दिवशी: त्याने दोनदा वाचलं. शिव्या घालील असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे पीटर माझ्यामुळे नाही गेला?"

"नाही रे. माझ्यामुळे गेला."

तो टेबलावर डोकं ठेवून रडला. मग त्याने टाक मागितला.

नॉर्डबी, ९ नोव्हेंबर १९०८
सही: थोगर ब्रिंक

साक्षीदार:
मोर्टेन लिंड, शाळामास्तर
जेस कॅलेसन, मेट