विलीजचं कारबेटर

३ एप्रिल २०१६, रविवार

टँकर आला नाही. रामकिसन मात्र आला, गेवराईहून मोटारसायकलवर. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "आई, दारातली जीप भंगारात दिली. पंधरा मेला माणूस येतो न्यायला."

बापासमोर बोलला! संक्रांतीला लकवा मारल्यापासून यांचं बोलणं गेलंय, कान थोडेच गेलेत? बाजेवरून उजवा हात उचलून जीपकडे केला, मग तो तसाच खाली पडला. डोळ्यांत पाणी. लेकाचा राग आला. जीपचाही आला.

४ एप्रिल

या जीपला मी जन्मभर शिव्या दिल्या. साखर कारखान्याची त्रेसष्टची विलीज, आणि हे तिचे ड्रायव्हर. पहिले चेअरमन हिच्यातूनच गावोगाव शेअर गोळा करत फिरले म्हणे. कारखाना बंद पडला, लिलाव झाला, तेव्हा यांनी ही ओढत आणली. कारबेटर फुटलेलं. त्याला आठ वर्षं झाली.

तेव्हापासून दर रविवारी सातची एसटी, बीड, जुन्या गाड्यांच्या सामानाचा बाजार. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत. मी दारातच विचारायची, "मिळालं?"

"न्हाई. फुडल्या रविवारी बघू."

आठ वर्षं हेच! मी डोक्यावर घागरी वाहतेय आणि हे बाजार हिंडतायत.

९ एप्रिल

रामकिसनला फोन. "चालू झाली तर ठेवशील का?"

"चालू झाली तर मीच फिरवीन. पर बाबाला आठ वर्षांत घावलं न्हाई, तुला कुठं घावायचं?"

बघतेच आता.

१० एप्रिल, रविवार

शेजारच्या सारजाबाईला यांच्यापाशी बसवलं आणि फुटकं कारबेटर लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून बीडला गेलते. कुठं चालले ते यांना सांगितलं, तर माझ्याकडे बघतच राहिले.

बाजार कसला — रस्त्याच्या कडेनं पोती अंथरलेली, त्यांवर नुसतं लोखंड. दिवे, आरसे, स्टिअरिंग, काय काय. सगळा पुरुषांचा कारभार. एकजण म्हणाला, "मावशी, बरण्या तिकडल्या गल्लीत." मी फडकं सोडून कारबेटर पुढं केलं, तेव्हा सरकून जागा दिली. दुसऱ्यानं चक्क लुनाचं दाखवलं. तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, मला काय लुनाचं नि जीपचं कळत नाही?

खरं तर कळत नाही. भोकाला भोक लावून बघितलं.

घरी आले तर यांची नजर पिशवीवर. "न्हाई मिळालं," म्हटलं. तर हसले! अर्ध्या तोंडानं का होईना, हसले. माझे पाय सुजलेत आणि यांना हसू सुचतंय.

१७ एप्रिल, रविवार

नाही. जाता-येता एसटीत उभी. परत हसले.

२१ एप्रिल

टँकर आला. चार घागरी. भांडणात एक सांडली.

२४ एप्रिल, रविवार

नाही. कंटाळा आला देवा.

१ मे, रविवार

आल्या आल्या लिहायला बसले.

आज कुणीतरी सांगितलं, गल्लीच्या टोकाला नूरमियाँचं दुकान हाय, तिथं बघा. म्हातारा माणूस. मी फडकं सोडलं तर कारबेटरकडे बघून म्हणाला, "ये तो गहिनीनाथभाऊचं! भाऊ कुठंयत? चार महिने झाले, आले न्हाईत."

लकव्याचं सांगितलं. तसा तो उठला. मग आतल्या फळीवरून बिस्किटाचा डबा काढला. डब्यात तेलाच्या चिंधीत कारबेटर. अखंड, लख्ख. भोकाला भोक जुळलं!

"पाच साल झाले भाऊला हे घावून. पैसे बी देऊन ठेवले. आले की काढायचे, घासायचे, तेल लावायचे, परत ठेवायचे. मी म्हणलो, घेऊन कावून जात न्हाई? तर म्हणले, 'जीप चालू झाली तर रविवारी मी जाऊ कुठं?'"

वर सांगतो, इथं समदे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतात. नवे मिस्त्री सामान दाखवायला आणतात, हे ओळखून देतात. दिवसभर चहा.

असा राग आला! पाच वर्षं तोंडावर खोटं बोलला माणूस. मी घागरी वाहतेय आणि हा चहा पितोय. डबा पिशवीत कोंबला नि निघाले.

एसटीत मात्र रडू आलं. कारखाना बंद झाला आणि गावात यांना साहेब सोडा, चहाला सुद्धा कुणी हाक मारली नाही. मी तरी कधी म्हटलं, बसा जरा घटकाभर? घरात दिसले की काम सांगायची, नाही तर बोलायची.

दारात पोचले. यांची नजर पिशवीवर. पिशवी जड होती, त्यांना दिसलीच असणार. चेहरा भेदरलेला.

"न्हाई मिळालं," म्हटलं. आज मी खोटं बोलले.

डोळे मिटून घेतले यांनी. हसले नाहीत.

७ मे

रामकिसन आला. "घावलं का?"

"न्हाई. शोधतेय अजून. त्या भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग."

"आगं आई, ती काय आता चालू व्हायचीय?"

"न होऊ दे. मी हाय तोवर ती दारातून हलायची न्हाई."

पाय आपटत गेला. जाईना का.

८ मे, रविवार

सातच्या एसटीनं गेलते. नूरमियाँला डबा परत दिला, आतल्या फळीवर ठेवायला लावला. दोन चहा झाले. ड्रायव्हरसाहेब कसे आहेत म्हणून सहा जणांनी विचारलं. त्यांची नावं लिहून आणली आणि दारातूनच यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

यांनी रिकाम्या पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे. ओठ हलले. चार महिन्यांत पहिला शब्द —

"मि...ळालं?"

"न्हाई," म्हटलं. "फुडल्या रविवारी बघू."