मुकादमीण आणि मागचं दार

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ.

पत्र लांबवत नाही, हाताला खळ लागलेली आहे. बाबांना तू घेऊन जा.

शिडीवरून पडले त्याला पाच महिने झाले. हाड जुळलं, असं डॉक्टर स्वतः घरी येऊन सांगून गेला. आता रोज चालायचं, नाहीतर पाय कायमचे जातील, हेही सांगून गेला. बाबांनी त्याच्यासमोर मान हलवली आणि तो जिना उतरायच्या आत भिंतीकडे तोंड फिरवलं. मी रोज सकाळी काठी हातात देते, ते रोज उद्या म्हणतात. दीड महिना झाला, तो उद्या काही उजाडला नाही.

ते वर, मी खाली पुस्तकबांधणीच्या खोलीत. दिवसातून तीसदा जिना. त्यांना उचलून बसवायचं तर माझी कंबर आता माझं ऐकत नाही. वाचनालयाची दोनशे पुस्तकं शिवायची पडलीत. त्यात उंदीर! पुठ्ठ्याची खळ खातात मेले. तुझ्याच शाळेच्या हजेरीपटांची पाठ कुरतडली काल.

परवा मी चिडून बोलले त्यांना, की तुम्हाला चालायचंच नाहीये. पूर्वीचे बाबा असते तर दहा शिव्या घालून मला खाली पिटाळलं असतं. त्यांनी नुसतं पांघरूण डोक्यावर ओढलं.

बायकोला विचार आणि कळव. गोड बोलून पानं भरू नकोस. लोभ आहे म्हणूनच ओरडते.

तुझी ताई

---

११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आम्ही दोघांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बायको म्हणाली, ताईंचा आवाज ऐकू येतोय, जरा हळू वाचा.

बाबांना अवश्य आणू. खोली लहान आहे, पाचवा मजला आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसतात. बांधणीचा वास नाही, गिऱ्हाईक नाही. इथे ते काय करतील हे मला सुचत नाही, पण तू एकटीने किती ओढायचं? माझ्या शाळेच्या परीक्षा पंचवीस सप्टेंबरला संपतात. अठ्ठावीसला गाडी घेऊन येतो.

तोवर बाबांच्या पायांचं माझ्या हातात काही नाही, उंदरांचं आहे. शाळेच्या कोठीत एक मांजरी जन्मली, आता चांगली मोठी झाली आहे. हजेरीपट न्यायला येतो त्या गाडीवाल्याबरोबर टोपलीतून पाठवतो आहे. झाकण उघडताना तोंड लांब ठेव.

माया पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझा धाकटा

---

२० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ. आहेत, पण आज हात आखडूनच.

मी तुला म्हटलं, बापाला ने; तू मांजर पाठवलंस. मुलांना गणित शिकवतोस ना? वजाबाकी सांगितली की बेरीज करतोस?

गाडीवाल्याचा अंगठा फाडला तिने. आठवड्यात एक उंदीर मारला, तोही माझ्या चपलेत आणून ठेवला. टेबलावर शिवायच्या पानांचे वीस फर्मे पडलेले असतात, मला ज्याला टाका घालायचा नेमका त्यावरच बसते. उचललं तर माझ्याकडे असं बघते, जणू दुकान तिच्या नावावर आहे.

दुपारी वर जाऊन बाबांच्या पायांवर झोपते. झोपू दे, म्हटलं. पण त्यांच्या खोलीचं मागचं दार गच्चीवर उघडतं ना, तिथे तिचा खरा धंदा. बाहेर जायचं म्हणून ओरडते. दार उघडलं की बाहेर जाते आणि आत यायचं म्हणून ओरडते. मंगळवारी मी अकरा वेळा जिना चढले. बाराव्यांदा खालूनच ओरडले, की बोंबलू दे तिला, मी येत नाही.

ती बोंबलली. बरीच. आणि मग माझ्या डोक्यावरच्या छतावर, त्यांच्या खोलीत, काठी वाजली रे. एक, थांबून दुसरी. पलंगापासून दारापर्यंत नऊ पावलं आहेत. मी नऊही मोजली, सुई तशीच पुस्तकात. कडी निघाली आणि बाबांनी तिला अशी एक शिवी हासडली, की मी पाच महिन्यांत ऐकली नव्हती. जीव भांड्यात पडला माझा.

तिचं नाव त्यांनी मुकादमीण ठेवलंय. म्हणतात, स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही आणि सगळ्यांना कामाला लावते.

बायकोला आशीर्वाद. गाडीवाल्याला मलम दे.

ताई

---

५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे आ., या वेळी भरघोस.

बाबा दोन्ही वेळा पोटभर जेवतात. मुकादमिणीशी दिवसभर वाद घालतात. ती उत्तर देत नाही म्हणून ते जिंकतात. माझ्याशी असं कधी झालं नाही. ती मांडीवर घुरघुरायला लागली की त्यांना झोपही लागते, गोळी नको म्हणतात.

दाराचा त्रास मात्र मी मुळापासून संपवला. दिवसातून वीसदा तो कोकलण्याचा आवाज, दार आपटणं, वरून धूळ पडून ओल्या खळीवर बसते. सुताराला बोलावलं आणि दारात खाली भोक पाडून घेतलं, वर झुलती फळी. आता मुकादमीण आपली आपण येते, जाते. कुणाला उठायला नको. सुतार म्हणाला, असलं शाही काम पहिल्यांदा केलं. मला आधीच सुचायला हवं होतं.

तुझ्या परीक्षा कशा चालल्यात? मुलांना फार नापास करू नकोस. लोभ ठेव, मीही ठेवते.

ताई

---

१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. सुताराचं कौतुक वाचलं. एक विचारू का, रागावणार नसशील तर? मग आता बाबा कशासाठी उठतात?

खोली रंगवून घेतली आहे, पलंग टाकला आहे. अठ्ठावीसचं पक्कं. रागावलीस तरी उत्तर लिही.

धाकटा

---

१६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

रागावले नाही. तुझं पत्र यायच्या आधीच कळलं होतं मला, म्हणून जास्त लागलं. सुतार गेल्यापासून वर काठी वाजलीच नव्हती. मी आपली शांतता मिळाली म्हणून खूश! चार दिवसांनी नीट लक्ष गेलं, तर बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून. मुकादमीण त्या भोकातून ऐटीत आत-बाहेर. हे असलं डोकं माझं. शिवलेलं पुस्तक उसवावं तसं मी माझ्या हाताने सगळं उसवलं.

त्याच दुपारी आपला सगळ्यात जाड पुठ्ठा घेतला, भोकावर मारला, चारी बाजूंनी खिळे ठोकले. बाबांनी विचारलं, तर म्हटलं, वारा येतो, तुमचे पाय गारठतात. मुकादमीण पुठ्ठ्यासमोर बसली आणि जो काही गळा काढला! मी खाली येऊन कान लावून बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग वाजली काठी.

आता ते गच्चीत जातात. ती कठड्यावरून परत येत नाही म्हणून तिच्या मागे उभे राहतात, हाका मारतात, शेजारीण हसते. काल ती जिना उतरून खाली आली, आणि दहा मिनिटांनी बाबा. एका हातात काठी, एक हात भिंतीला. मी धरायला गेले तर बाजूला हो म्हणाले. स्टुलावर बसले, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, चाळलं आणि सांगितलं, की तिसरा फर्मा उलटा शिवलाय, बावीस वर्षं काय शिकलीस. मी रडले. त्यांना वाटलं, बोलणं लागलं.

त्यांना नेऊ नकोस, धाकट्या. आधी मीच लिहिलं होतं, आता मीच खोडते. पण मी म्हणून उपयोग नाही, त्यांना काय हवं ते त्यांनी सांगावं. विचारलं, तर म्हणाले, मी त्याला स्वतः लिहितो.

ताई

---

१८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
बाबांचे अ. उ. आ.

अक्षर वेडंवाकडं आलंय, वाचून घे. खोली रंगवलीस, बरं वाटलं. चार दिवस पाहुणा म्हणून येईन, राहायला नाही. इथे माझ्याशिवाय कामं उलटी शिवली जातात.

तुझ्या बहिणीला वाटतं, पुठ्ठा वाऱ्यासाठी मारला हे मला पटलं. दाराच्या पलीकडे गच्ची आहे, गच्चीपुढे शेजारच्या घराची उंच भिंत, वारा येणार कुठून? ठोकताना तिचं तोंड मी पाहिलं. पोरगी आयुष्यात कधी हरल्याचं दाखवत नाही. त्या दिवशी मांजर ओरडायला लागलं तेव्हा खरं तर मला उठायचं नव्हतं. पण खाली शिवणकाम थांबलेलं ऐकू आलं. ती कान लावून बसली होती. मग काय करणार, उठलो.

आता एक सांगतो, ते तुझ्यापाशीच ठेव. मुकादमीण म्हातारी झाल्यासारखी झोपते आजकाल. दुपारभर दाराकडे फिरकत नाही. तरी मी तासातासाला उठतो, काठी जरा आपटत चालतो, कडी काढतो, एक शिवी घालतो आणि दार लावून परत येतो. खाली सुई पुन्हा चालू झाली की मग मला बसवतं.

सुनेला आशीर्वाद. अठ्ठावीसला या, दोघंही. असाच जीव लावत राहा.

बाबा