राणीची दाढ

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं एकदाचं. मिरजेत दवाखाना टाकून सात वर्षं झाली, पण एका जागेचा दात काढून दुसऱ्या जागी बसवला तो आज पहिल्यांदा. आष्ट्याची राणी, एकोणीस वर्षांची. किडलेली दाढ काढली आणि तिच्याच अक्कलदाढेला त्या जागी आणून बसवलं. आधी तिच्या हातातून रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं, प्लेटलेटचा पिवळट थर वेगळा काढला, तो थिजवून खळग्यात भरला. त्यानं जखम लवकर भरते म्हणतात. म्हणतात! दाढ तोंडाबाहेर चार मिनिटं होती. खळग्यात नीट बसवायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. पाहिलं ते फक्त पल्लवीनं, माझ्या असिस्टंटनं. ती बोलायची नाही.

जाताना राणीची आजी, बनुबाई — "तिचंच रगात तिला घातलं न्हवं? मग बरं हाय. परक्याचं नगं."

४ फेब्रुवारी

फोन केला. सूज आहे, ताप नाही.

१० फेब्रुवारी

टाके काढले. हिरडी गुलाबी! दिवसभर उगाच गुणगुणत होते.

१७ फेब्रुवारी

हिरडी लाल. दाढ बोटानं हलते. थोडी हलायचीच, असं स्वतःला सांगितलं. मग यंत्राचा वेग, वेळ, सगळं पुन्हा तपासलं. बरोबर होतं. जेवण गेलं नाही.

३ मार्च

पू. आणि राणीच्या तर्जनीवर, नखाच्या कडेला काळं. हे काय, विचारलं. "मिसरी. सकाळ-संध्याकाळ लावते." ऑपरेशनच्या दिवशी मी "तंबाखू?" म्हणून विचारलं तेव्हा दोघींनी नाही म्हणून माना हलवल्या होत्या! आता बनुबाई म्हणते, "मिसरी म्हंजी तंबाखू न्हवं, बाई. ती दातासाठीच असती की."

तव्यावर भाजता ती तंबाखूच ना? माझा आवाज चढला. बाहेर बसलेल्यांनीही ऐकला असणार. राणी काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, आता बोलून काय उपयोग? खोटं बोललीस, नुकसान तुझंच झालं. ती रडली. मला बरं वाटलं — इथं कशाला लपवू? एवढे दिवस चूक माझीच असेल म्हणून जीव टांगणीला लागला होता.

१० मार्च

दाढ काढावी लागली. जोर लावावाच लागला नाही. राणीनं ती कागदात बांधून मागितली. दिली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, आजीनंही नाही.

११ मार्च

केस लिहून काढायला फाइल उघडली. दुसऱ्या पानावर पल्लवीचं अक्षर, तारीख ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातली — "मिसरी, रोज दोनदा. बंद करायची का, असं पेशंट विचारतेय. डॉक्टरांनी सांगावं."

खाली माझी सही.