नदीकाठच्या वाळूचा गोळा

सयाजीदादा,

गेल्या उन्हाळ्यात भाताच्या राबासाठी, रोपांची जमीन भाजायला, जमवलेला पाला आणि शेण मी नदीकाठच्या वाळूत पुरलं, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नायस. म्हणून लिहून ठेवतोय. त्यावर तळ्यातला गाळही मीच डोक्यावरून वाहून टाकला. तू चाळणी म्हणून हसायचास ती वाळू आता ओल धरते. फाल्गुन लागला, घागरभर पाणी घातलं नाय, तरी वाल हिरवागार हाय! पहिल्या शेंगा घेऊन पाचाडला आत्याकडे चाललोय. वाळूत वाल लावतो म्हटल्यावर तुझ्यासारखी तीही हसली होती. सांजेला परत येतो.

चिठ्ठीवर ठेवलाय तो गोळा तिथल्याच मातीचा. उचलून बघ. हातात फुटला, तर यंदाचा सगळा पाला तुझ्या राबाला. नाय फुटला, तर रात्री जेवायला मला हाक मार.

सोनबा