बुधवारची प्रार्थना

ऊद मेथा, दुबई
शुक्रवार, ८ मार्च २०१३

प्रिय चारुदत्त,

तू पाठवलेलं पाकीट मिळालं. तुझ्या लागोसच्या ऑफिसातल्या फोलाकेबाई गेल्या शनिवारी देऊन गेल्या. फोनवर तू लगेच विचारलंस, वॉचमनकडेच दिलं ना, आणि मी हो म्हटलं. ते खोटं होतं. चार वर्षं तुझ्यासाठी मी पुष्कळ खोटं बोलले, तुझ्याशी बोललेलं हे पहिलंच. फोनवर खरं सांगायला गेले असते तर रडले असते, मी रडले की तू समजूत घालायला लागतोस, आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून लिहिते आहे. दुपार आहे. नमाज सुटलाय, खाली गाड्या निघायची गर्दी आहे, आणि अस्मी तिच्या खोलीत सायन्सची उजळणी करते आहे.

आधी माझ्या वाट्याचं सांगते. २००९च्या फेब्रुवारीत तुमच्या टॉवरचं बांधकाम एकोणिसाव्या मजल्यावर थांबलं. सोनापूरच्या लेबर कॅम्पमधून मजुरांना घेऊन येणाऱ्या बसेस एका सकाळी आल्याच नाहीत, हे सांगताना तू बूट काढायचे विसरून सोफ्यावर बसला होतास. कंपनीने तुला दोनच गोष्टी दिल्या, आफ्रिकेत लागोसची साइट किंवा इंडियाचं तिकीट. त्याच आठवड्यात आपण नोकरी जाऊन परत निघालेल्या मुरलीधरांच्या निरोपाला गेलो होतो. त्यांचा फ्रिज, पडदे, मुलाची सायकल, सगळं लोक दारातच भाव ठरवून घेऊन जात होते. लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत कुणीतरी म्हणालं, बिचारे. तो शब्द तुला लागला होता, मी पाहिलं. परत येताना गाडीत मीच म्हटलं, आपलं कुणाला सांगायला नको, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. हे मी म्हटलं होतं, चारू. ते मी नाकारत नाही.

पण सहा महिन्यांसाठी म्हटलं होतं. त्यावर चार वर्षांचा इमला तू चढवलास आणि मी खालून विटा देत राहिले. तुझा व्हिसा दुबई ऑफिसचा, आमचे तुझ्यावर. म्हणून दर सहा महिन्यांच्या आत तू इथे येऊन शिक्का मारून घ्यायचास. दहा दिवस राहायचास, शुक्रवारी महाराष्ट्र मंडळात जाऊन साइट अबूधाबीला आहे म्हणायचास, ट्रॅफिकला शिव्या घालायचास. सांगलीला आईंना दर रविवारी आपल्या लँडलाइनवरून फोन, म्हणजे नंबर दुबईचा दिसेल. तू लागोसहून माझ्या मोबाइलवर, आणि मी तो मोबाइल लँडलाइनच्या रिसीव्हरला उलटा चिकटवून डायनिंग टेबलाशी उभी. माझ्या हातांतून तुम्ही माय-लेक बोलायचात. तुझ्याकडे जनरेटर सुरू झाला की आई म्हणायच्या, काय रे, दुबईत घरोघरी पिठाची गिरणी घेतलीत की काय. तू हसायचास. मीही हसायचे, मनगटं भरून आलेली असायची तरी. अस्मीलाही आपण शिकवलं. शाळेत कुणी विचारलं की ती सांगायची, बाबा इज ऑन साइट. सात वर्षांची होती तेव्हा. आता अकराची आहे आणि हे वाक्य ती मान वरही न करता म्हणते.

आम्ही तिकडे का यायचं नाही, याची तुझी उत्तरं मला पाठ आहेत. तिथे शाळा नाही. आपल्या लोकांची वस्ती नाही. बायकामुलांना नेण्यासारखं शहर नाही. मी विश्वास ठेवला, कारण तू तिथे राहात होतास आणि मी नव्हते.

तर गेल्या शनिवारी वॉचमनने इंटरकॉम केला. मॅडम, नीचे एक आफ्रिकावाली मॅडम है, पार्सल मैं रख लूँ, साब ने बोला है. साब ने बोला है. तू लागोसहून आपल्या वॉचमनला फोन केला होतास, बाईंना वर पाठवू नकोस म्हणून. मी खाली गेले. निळा झगा, डोक्याला त्याच कापडाचं उंच फेट्यासारखं बांधलेलं, दोन्ही हातांत पिशव्या. भाचीच्या लग्नाची खरेदी करायला त्या इथे देराच्या बाजारात आल्या होत्या. मला बघताच पिशव्या खाली ठेवून त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, मिस्टर चारूंची बायको अशी असेल असं वाटलंच होतं. मग घड्याळ पाहून म्हणाल्या, मला मुलीला फक्त एकदा पाहू द्या, मी जास्त बोलणार नाही, तिला दमवणार नाही. मला काही उलगडा झाला नाही. मी त्यांना वर आणलं.

त्यांनी अस्मीसाठी एक डबा आणला होता, आपल्या शंकरपाळ्यांसारखंच तळलेलं काहीतरी. मी चहा टाकला. त्या आपल्या भिंतीवरचे फोटो पाहात होत्या आणि सहज बोलत होत्या, मला हे सगळं माहीत असणारच असं धरून. दोन हजार दहाच्या ऑगस्टमध्ये तू बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होतास. मला तू नेटवर्क खराब आहे म्हणाला होतास. मलेरिया डोक्यात चढतोय की काय अशी डॉक्टरांना भीती होती, आणि ही बाई रोज ऑफिस सुटल्यावर तुझ्यापाशी येऊन बसायची. तुला तिखट चालत नव्हतं म्हणून एका गुजराती बाईंकडून तिने मुगाची खिचडी शिकून घेतली. मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. गणपती. तू झब्बा घालून पंगतीत वाढतोयस, आणि पानांवर मुलं बसली आहेत, अस्मीच्या वयाची, शाळेत जाणारी, मराठी आईबापांची. ही मिसेस अनुराधांची मुलं, म्हणाल्या, लागोसच्या इंडियन स्कूलमध्ये जातात, तुमच्या नवऱ्याचा फार लळा आहे त्यांना. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.

तेव्हा अस्मी आली. बॅडमिंटनहून, रॅकेट पाठीला, लिफ्ट यायला वेळ लागला म्हणून पाच मजले जिन्याने धावत. घामाने निथळत होती. फोलाकेबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी तिला जवळ ओढलं, पाठीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, बाळ, एकदा खोल श्वास घे. अस्मीने माझ्याकडे पाहिलं आणि घेतला. त्या वाकून कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, आम्ही नऊ बायका दर बुधवारी चर्चमध्ये हिच्या छातीसाठी प्रार्थना करतो. अडीच वर्षं झाली. तिचं नाव वहीत पहिलं असतं. आज देवाने मला दाखवलं.

मग त्यांच्या बोलण्यातून उलगडलं. तू त्यांना सांगितलंस की तुझी मुलगी दम्याने आजारी आहे, म्हणून बायकोला तिला घेऊन दुबईच्या डॉक्टरांजवळ राहावं लागतं. हॉस्पिटलच्या खाटेवर सांगितलंस. ती बाई खिचडी भरवत विचारत होती, घरचं कुणी का येत नाही, आणि तुला दुसरं काही सुचलं नाही.

आणि मी काय केलं माहीत आहे? ट्रे हातात घेऊन म्हटलं, हो, आता बरीच बरी आहे. तुझं खोटं माझ्या तोंडून इतकं सरावाने आलं की मला स्वतःची किळस आली. त्या गेल्यावर अस्मीने विचारलं, व्हाय वॉज शी प्रेइंग फॉर माय लंग्ज? मी कप गोळा केले. डिड बाबा से आय वॉज सिक? मी नळ सोडून कप विसळायला घेतले. मग ती म्हणाली, ओके, आणि आंघोळीला गेली. त्या ओकेने मला जेवढं लागलं तेवढं ती ओरडली असती तर लागलं नसतं.

तिथे तुझं दुसरं कुणी असेल असा संशय मला कधी आला नाही, आजही येत नाही. असतं तर निदान त्याला कारण म्हणता आलं असतं. तू हे सगळं एका पत्त्यासाठी केलंस. दुबईत राहतो असं म्हणता यावं म्हणून. ज्या शहराने तुला नोकरी दिली, तापात उशाशी बसायला माणूस दिलं, गणपतीला मोदक दिला, त्याचं नाव घ्यायची तुला लाज वाटते. गेल्या दिवाळीत मंडळात तू तिकडच्या लोकांच्या बोलण्याची नक्कल केली होतीस, आठवतं? एका मित्राकडून ऐकलंय म्हणून सांगितलंस. सगळे हसले. मीही. आता मला कळतं की तू फोलाकेबाईंचा आवाज काढत होतास, कारण त्या आपल्या घरात बोलल्या तेव्हा मी तो ओळखला. अशा बाईला तू आपल्या दारातून पार्सलवाल्यासारखं परत पाठवणार होतास. मला याचा इतका राग आला आहे की चार वर्षांच्या एकटेपणाचाही तेवढा येत नाही. एकटेपण तर तुझंही होतं. दुसऱ्यांच्या मुलांना वाढतानाचा तुझा तो फोटो मी पाहिलाय. तू तिथे हसत होतास, आणि तरी किती वाळला आहेस, चारू.

रविवारी मी आईंना एकाच फोनवरून फोन केला आणि सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, लांब आहे का ते दुबईहून. म्हटलं, विमानाने आठ तास. तिथे त्याला जेवायला कोण घालतं? म्हटलं, स्वयंपाकाला बाई येते. मग म्हणाल्या, अगं मग तू तिथे कुणासाठी बसली आहेस?  मंडळातल्या लोकांसाठी, असं सासूला कसं सांगायचं?

आता पत्र लिहायचं कारण. सोमवारी मी अस्मीला काढत असल्याची शाळेत नोटीस दिली. अनुराधांचा नंबर फोलाकेबाईंकडून घेतला होता, त्यांच्याशी बोलले. तिथली शाळा एप्रिलमध्ये उघडते, महिनाभर उशीर झाला तरी अस्मीला सातवीत घेतील. तू चौदा एप्रिलला शिक्का मारायला येणार होतास. येऊ नकोस. सहा महिने उलटू देत, व्हिसा जाईल तर जाऊ दे. आम्हीच येतो आहोत. मी विचारत नाही, कळवते आहे. आमच्या तिकडच्या व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागतं, आणि ते फोलाकेबाईंच्याच टेबलावरून निघतं असं त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या. तेव्हा तुला त्यांच्यासमोर बसावंच लागेल. येत्या बुधवारी जा, त्या चर्चला निघायच्या आत. मुलगी बरी झाली असं सांगू नकोस, त्यांना आनंद होईल आणि तू सुटशील. ती कधीच आजारी नव्हती, हे सांग. आणि मग त्या जे बोलतील ते उभं राहून ऐकून घे.

रागावलेली, तरी तुझीच,
अर्चना