एकोणीसशे फोटोंची हार्ड डिस्क कुणाला मिळावी याबद्दल

मी, वय तेवीस, शिक्षण बी.कॉम. दुसऱ्या वर्षापर्यंत (पुढचं स्वतःहून सोडलं, नापास होऊन नाही), काम फोटो काढणे, हे मृत्युपत्र पुरुष वॉर्डातल्या अकरा नंबरच्या पलंगावर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी भरीस घातलेलं नाही. उद्या सकाळी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन असून "काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही" अशा कागदावर इथे माझी सही घेतली. त्यांनी त्यांची सोय पाहिली, मी माझी पाहतो.

१. माझा कॅमेरा आईला द्यावा. तिने तो कपाटात टाकला तरी चालेल, पण आत्याच्या मुलाच्या हाती देऊ नये. त्याने एकदा लेन्स शर्टाच्या टोकाने पुसली होती.

२. स्टुडिओच्या मालकांना माझ्याकडून काहीही नाही. फोटो वर्गवार लावायचं आणि त्यांना नावं द्यायचं एआय त्यांनीच आणलं. म्हणाले, "तुला महिना लागतो ते हे चहा होईपर्यंत करतं." करतं ना! मालकांचं टक्कल वरून टिपलेला फोटो त्याने 'टेबलावरील फळ' या नावाने लावला. तेवढी एकच त्याची कामगिरी मला मान्य आहे. माझ्या आईला त्याने 'चिडलेली अनोळखी स्त्री' म्हटलं. चिडलेली, बरोबर. पण अनोळखी?

असल्या दीडशहाण्याला मीच, आधी चाचणी म्हणून, माझी स्वतःची डिस्क दिली. हा गाढवपणा माझा. तो कुणाच्याही वाट्याला घालू नये.

३. आता डिस्क. तीत स्टुडिओत अल्बम बनवणाऱ्या मुलीचे एकोणीसशे फोटो आहेत. चोरून काढलेले नाहीत. नवा लाइट लावला की प्रकाश तपासायला ती समोर उभी राहायची आणि म्हणायची, "काढ रे पटकन, माझी पानं अडलीत." तीन वर्षं मी प्रकाश तपासत होतो. एवढा प्रकाश कुणीही तपासत नाही, हे तिला कळायला हवं होतं.

यंत्राने त्यातून एक फोल्डर वेगळा काढला. नाव 'जोडपे'. मी खुर्ची पुढे ओढली. उघडून पाहतो तर दोनशे बारा फोटो, आणि प्रत्येकात तिच्या बाजूला माझा थोरला भाऊ. तो मला दुपारचा डबा द्यायला यायचा. मी त्याला लाइटचा स्टँड धरायला लावायचो.

मी पोट धरून हसलो. दोघांना बोलावून स्क्रीन दाखवली. "बघा, यंत्राचं डोकं फिरलंय! दादा आणि तू, म्हणे जोडपं!"

कुणीच हसलं नाही.

"तुला सांगणारच होतो रे," दादा म्हणाला.

"कधी? लग्नाचा अल्बम छापून झाल्यावर?"

ती म्हणाली, "त्याच्यावर ओरडू नकोस. सांगू नको असं मीच म्हटलं होतं. तू तापट आहेस."

मी तापट नाही. खुर्ची आधीच मोडकी होती.

पोट त्याच संध्याकाळी दुखू लागलं. त्याचा या प्रकाराशी संबंध नाही. सोनोग्राफीचा कागद उशाशी आहे.

४. आज दुपारी ती एकटी भेटायला आली. म्हणाली, "आमचे सुरुवातीचे फोटो दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. पुसणार नाहीस ना?" मी भिंतीकडे तोंड केलं. ती संत्री सोलून ठेवून गेली. बिया काढून.

सबब डिस्क पुसू नये. यंत्राने दिलेली सगळी नावं मात्र काढून टाकावीत. तीन वर्षं डोळे फाडून मला जे दिसलं नाही ते त्याला चहा होईपर्यंत दिसलं, म्हणून ते शहाणं ठरत नाही. त्याला फक्त ती कुणाकडे बघते एवढंच दिसलं. तिच्याकडे कोण बघत होतं, ते नाही दिसलं.

डिस्क दादाला द्यावी. डिस्कला पासवर्ड आहे: त्या मुलीची जन्मतारीख. दादाने ती कुणालाही न विचारता टाकावी. तीन वेळा चुकला तर डिस्क माझ्याबरोबर जाळावी.

स्थळ: वर लिहिलेला पलंग. दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेचार.

लिहून देणार: धाकटा

साक्षीदार १: बारा नंबरचे आजोबा, हर्निया. (शेरा: "वाचलं. पोरगं शुद्धीवर आहे, ताळ्यावर नाही.")

साक्षीदार २: ड्यूटीवरच्या सिस्टर. (शेरा: "याचा भाऊ दुपारपासून खाली बाकावर बसून आहे. वर यायला घाबरतो.")