जागा होती

नेरूळ, ५ मार्च

प्रिय व्हिन्सू,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. घरी सगळे बरे आहेत, काळजी करू नकोस.

नवी मिस्सा, म्हणजे चर्चच्या उपासनेची गाणी, लिहितोय, मराठीत, चार आवाजांसाठी. ईस्टरला आमचा क्वायर इथल्या चर्चमध्ये गाणार आहे. परवा एकाने मुलाखतीत विचारलं, एक आवाज संपायच्या आधीच दुसरा उचलतो, ही तुमची शैली आली कुठून? मी काहीतरी भारदस्त सांगून टाकलं. खरं तुला ठाऊक आहे. वसईच्या घरी संध्याकाळी आई रोझरी सांगायची. अर्धी प्रार्थना तिची, अर्धी आपली. तुला जेवायची घाई, म्हणून तिचं वाक्य संपायच्या आत तू सुरू. ती डोळे वटारायची, पण थांबायची नाही. दोन आवाज एकमेकांत शिरायचे आणि मला वाटायचं, देव घरात असेल तर नेमका तिथेच. आयुष्यभर मी तेवढंच लिहीत आलोय.

या वेळी मात्र 'दया कर' हा पहिलाच भाग जमेना. तीनदा फाडला. आमच्यात कामोठ्याची राजेश्वरी गाते, मूळची साताऱ्याची. चर्चमध्ये येते ती फक्त गाण्यासाठी, पण कान पक्का. तालमीत मध्येच थांबून म्हणाली, "सर, रागावू नका, पण हे दया मागितल्यासारखं नाय वाटत. ऑर्डर सोडल्यासारखं वाटतं." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन पियानोचं झाकण उघडवेना.

आईचा अंत्यविधी आठवत राहिला. धर्मगुरूपद सोडून तू अमिताशी लग्न केलंस, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मागच्या बाकावरून उठून तू क्वायरपाशी आलास, गाण्याच्या वहीसाठी हात पुढे केलास. मी म्हणालो, "जागा नाही." जागा होती, व्हिन्सू. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तू मान हलवून परत गेलास, आणि मी आईसाठी स्वर्ग मागणारं गाणं क्वायरकडून गाऊन घेत राहिलो.

शनिवारी फादरांपुढे कुमसार केला, पापांची कबुली दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हे पाप तोंडाने उच्चारलं. फादर म्हणाले, "देवाकडे नंतर या. आधी भावाकडे जा." म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस, मीच रविवारी पुण्याला येतो. अमिताला विचारून ठेव, मी दारात आलो तर चालेल का. ती नाही म्हणाली तर खालूनच परत फिरेन. तिचा तेवढा हक्क आहे. मला माफ कर.

तुझाच,
एलायसदादा